आमच्यात बोलवत नाहीत

लिफ्टचं दार मिटता मिटता तळमजल्यावरच्या कोसारामावशीने काठी मधे घातली आणि विचारलं, "परवा खुर्च्या मी वर पाठवू, का तू येऊन नेतेस?" मग उत्तराची वाट न बघता काठी काढून घेतली, कारण यात उत्तर देण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नसणार. दार मिटलं. लिफ्ट वर निघाली. समोरच्या आरशात मीच उभी, लोकरीची टोपी कपाळावर आलेली, हातात बटाट्यांची पिशवी, तोंड अर्धवट उघडं. त्या तोंडाने मी मोठ्याने म्हटलं, "अगं बाई, ते सगळे येणार." पाचव्या मजल्यावर लिफ्ट थांबली, दार उघडलं, आपलं आपण मिटलं, आणि मी आतच. खालून कुणीतरी बटण दाबलं असावं, मी परत खाली. तळमजल्यावर एक अनोळखी बाई कुत्र्याला घेऊन आत आली आणि म्हणाली, "उतरायचंय ना?" मी म्हटलं, "नाही हो, चढायचंय." ती बिचारी कुत्र्याला जवळ ओढून भिंतीला चिकटून उभी राहिली.

येणार म्हणजे येणारच. परवा गुरुवारी देवदूत मिहाईलचा दिवस, आमच्या घराची स्लावा. बेलग्रेडमध्ये ज्याच्या त्याच्या घराला आपापला संत असतो, बापाकडून मुलाकडे येतो, आणि त्याच्या दिवशी घराचं दार सकाळपासून सताड उघडं. मेणबत्ती, गोल पाव, लाल वाइन, आणि माणसंच माणसं. पण बोलवायचं नाही. लग्नाला बोलवा, बारशाला बोलवा, स्लावाला आमच्यात बोलवत नाहीत. ज्यांनी यायचं ते येतात, त्यांचे बाप येत होते म्हणून येतात, एकदा आले होते म्हणून येतात. चुकून कुणाला बोलावलं तर तो फुगून बसतो, का, मी काय विसरलो असतो? आणि ज्याला बोलावलेलंच नाही त्याला येऊ नका तरी कुठल्या तोंडाने सांगणार? ही एवढीशी गोष्ट अख्खा उन्हाळा आणि अख्खा पानगळीचा काळ माझ्या डोक्यात आली नव्हती. बाबा मार्चमध्ये गेले. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मिलादिन, माझा धाकटा भाऊ, परदेशातल्या लिंट्सहून मोटारीने आला, जेवला, रडला, आणि निघताना त्याने भिंतीवरची मिहाईलची तसबीर उतरवली, टॉवेलात गुंडाळली, मागच्या सीटवर ठेवली आणि तिला चक्क पट्टा बांधला. "मुलाकडे जाते ना स्लावा, ताई. मी काही नवीन सांगतोय का." नव्हताच सांगत. रीतच आहे ती. मी त्याला वाटेत खायला मांसाचे तुकडे घालून पाव बांधून दिला आणि हात हलवला. तेव्हापासून त्या भिंतीवर एक फिकट चौकोन आहे, बाकीची भिंत वर्षानुवर्षांच्या मेणबत्त्यांनी पिवळी झालेली, आणि मी दिवे लावताना तिकडे बघत नाही.

म्हणजे माझ्या मनाने हिशोब मिटवला होता की यंदा स्लावा लिंट्सला. ठीक. पण हे लोकांना कुणी सांगितलं होतं? परवा दुपारी दाराची बेल वाजणार, दारात बाबांच्या सलूनमधली म्हातारी गिऱ्हाइकं, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, हातात वाइनची बाटली, आणि मी काय म्हणणार? देव हलवलाय, पत्ता देते? स्वयंपाकघरात बटाटे ओतले ते अर्धे जमिनीवर, आणि खरं सांगायचं तर ती भीती नव्हती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा माझ्या अंगात काहीतरी धावत होतं. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारी ऐकते. कुणाच्या नळाला गढूळ पाणी, कुणाच्या नळाला वाराच. दिवसभर "हो, नोंद घेतली" म्हणून म्हणून माणूस आतून पुठ्ठ्याचा होतो. आणि आज त्या पुठ्ठ्यात कुणीतरी काडी टाकली होती.

मी मिलादिनला फोन लावला. म्हटलं, "मी इथे स्लावा करतेय."

"खुळी आहेस का," तो म्हणाला. मागे त्याच्या कारखान्यातली यंत्रं घरघरत होती. "मी इथे करतोय ना. टेबल वाढवून घेतलंय, डुकराचं मांस सांगून ठेवलंय, सगळं."

"तू तिथे कर. मी इथे करते. लोक येणारेत."

"बाई माणूस कशी करणार? तू संत निकोलाचा दिवस करायचीस ना, भाऊजींच्या घरचा."

"तुझे भाऊजी गेले त्या केशरी केसांच्या बाईबरोबर. निकोलाही त्यांच्याबरोबर गेला."

 तो अगदी सरळपणे, वाईटपणा कुठेही नव्हता त्यात, म्हणाला, "मग तुला कुठलाच संत नाही, ताई. त्याला मी काय करू?"

फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ बटाटे सोलत राहिले. तुला कुठलाच संत नाही. खरंच की. लग्न झालं तेव्हा बापाचा सोडून नवऱ्याचा घ्यायचा असतो, तो मी घेतला, प्रत्येक डिसेंबरात मासे तळून तळून केसांना वास मारायचा, सासू म्हणायची हात आखडता घे तेलाचा. मग नवरा गेला, मी बाबांकडे परत आले, आणि बाबांच्या संताची मी पाहुणी झाले. आता बाबा गेले, संतही गेला. या वयात मी रस्त्यावरच्या त्या कुत्र्यांसारखी, ज्यांना सगळी आळी खायला घालते पण नाव कुणीच ठेवत नाही. डोक्यात तिडीक गेली. नाही म्हणजे नाही, मी ही स्लावा घालवणार नाही. मिलादिनवर राग नव्हता, बाबांवरही नव्हता, रीतीवर राग धरून तर काही उपयोगच नसतो. पण परवा हे दार बंद राहिलं तर त्या माणसांपैकी कुणीही पुढच्या वर्षी येणार नाही, कारण एकदा दार बंद दिसलं की आमची माणसं विचारत बसत नाहीत, त्यांना वाटतं इथलं सगळं संपलं. बाबांनी आयुष्यभर जे उभं केलं होतं ते एका बंद दाराने आडवं होणार होतं.

उभं केलं असं मी म्हणते ते उगीच नाही. माझ्या बाबांना आठवायचं म्हणजे उभे बाबा आठवायचे. न्हावी माणूस, काराबुर्माच्या चढावर त्यांचं सलून, दोन खुर्च्या आणि एक आरसा ज्याचा कोपरा फुटलेला. सगळी दुनिया त्यांच्यासमोर बसायची, ते उभे. संध्याकाळी घरी आले की मिठाच्या कोमट पाण्यात त्यांचे पाय बुडवून आई म्हणायची, "तिहोमिर, बघ, निळ्या नद्या," आणि त्यांच्या पोटऱ्यांवरच्या फुगलेल्या शिरांवरून बोट फिरवायची, ही डॅन्यूब, ही साव्हा, आणि मी नि मिलादिन भूगोल तिथेच शिकलो. आम्हा मुलांचे केस ते रविवारी स्वयंपाकघरात कापायचे. ती दोन बोटं मला अजून जाणवतात, कानाच्या वर, कपाळाच्या बाजूला, अगदी हलकी, डोकं इकडे नाही तिकडे असं सांगणारी, आणि मानेवर कात्रीचा गार स्पर्श, तुरटीचा आणि लव्हेंडरच्या पाण्याचा वास. त्या दोन बोटांच्या आत मला कधी भीती वाटली नाही. शाळेत नापास झाले होते तो रविवार, पहिल्यांदा प्रेमात पडून तोंडावर आपटले होते तो रविवार, बाबा एक शब्द विचारायचे नाहीत, फक्त डोकं जरा सरळ करायचे. म्युनिकला त्यांचा दोस्त गेला होता, तिथून त्याने निरोप धाडला होता, खुर्ची तयार आहे, ये. आई तर बॅग भरायलाच बसली होती. बाबा म्हणाले, "आणि पोरांचे केस कोण कापणार?" आई हसत सुटली, तिला वाटलं थट्टा करतायत. ते थट्टा करत नव्हते.

आणि स्लावाच्या दिवशी तर काय, यजमानाने बसायचंच नसतं. पाहुणे बसतात, यजमान उभा, सकाळपासून शेवटचा माणूस जाईपर्यंत, ओतत, वाढत, दाराशी जात, येत. दुसऱ्या बापांना त्या दिवशी कंबर धरून चालताना मी पाहिलंय. माझ्या बाबांना मात्र तो एरवीसारखाच दिवस. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही यायचं की मला लहानपणी वाटायचं, संत तोच असावा जो उभा असतो. मी लहान होते तेव्हा हे सगळं जरा जपूनच चालायचं. देवाधर्माचं उघड करणं कम्युनिस्ट पार्टीच्या माणसांना परवडण्यासारखं नव्हतं, आणि बाबांची गिऱ्हाइकं निम्मी पार्टीची. ती यायची नाहीत असं थोडंच? ती केस कापायला यायची. खोलीत मेणबत्ती, सार्माचं, म्हणजे खिमा भरलेल्या कोबीच्या वळकट्यांचं पातेलं, आंबवलेल्या कोबीच्या पानांचा वास जिन्यापर्यंत, आणि मधोमध खुर्चीवर कॉम्रेड झिवोराद, गळ्याभोवती न्हाव्याचं पांढरं कापड, कापडाखालून ताटात हात. बेल वाजली की बाबा त्याच्यामागे जाऊन कात्री चालवायचे, हवेतच, खच खच. एकदा आत आलेला निघाला कॉम्रेड झिवोरादचाच वरिष्ठ, तोही केस कापायला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. बाबांनी दुसरं कापड झटकलं आणि म्हणाले, "बसा, साहेब. आज जरा गर्दी आहे." दोघांनी शेजारी शेजारी कापडं बांधून सार्मा खाल्ला, आणि वरिष्ठाच्या कापडावर तुपकट डाग पडला तो आईच्याने मरेपर्यंत निघाला नाही. आत्ता हे आठवून मी कोबीची पानं उलगडत होते आणि एकटीच खिदळत होते. पानं खारट, ओली, शिरा जाड. त्या सुरीने तासाव्या लागतात, नाहीतर गुंडाळताना पान फाटतं. खिमा, भात, पान, वळकटी, पातेलं. बाहेर अंधारून आलं होतं, खिडकीच्या काचेवर वाफ, आणि मला वाटलं, बरंय की, अजून हात विसरले नाहीत.

बुधवारी मी कचेरीत रजा टाकली आणि कोसारामावशी खुर्च्यांच्या मागोमाग स्वतःच वर आली. तिच्या मुलाने खुर्च्या आणल्या, ती काठी टेकत दारात उभी राहिली, आणि तिची नजर सरळ त्या फिकट चौकोनावर गेली. मावशीचं वय ऐंशीच्या पुढे, जिभेचं मात्र सोळा.

"देव कुठे गेला?" तिने विचारलं.

"लिंट्सला."

"पगार चांगला मिळतो म्हणतात तिथे," ती म्हणाली, आणि एका खुर्चीवर बसून पिठाचं भांडं स्वतःकडे ओढलं. "तसबिरीशिवाय करणार?"

"करणार. चालेल का, मावशी?"

"मिहाईलला घर सापडणार नाही असं वाटतं तुला? इतकी वर्षं येतोय. तू मीठ नीट घाल म्हणजे झालं." मग पीठ मळता मळता, माझ्याकडे न बघता, "लोक काय म्हणतील ते म्हणतील. बाई उभी राहिली म्हणतील. पण दुब्रा, लोक यायला तर हवेत. यजमान गेला की पहिल्या वर्षी कळतं, लोक माणसासाठी येत होते का घरासाठी. आमच्या भावाकडे कुणी आलं नाही गं. पाव तसाच वाळला."

ती सहज बोलून गेली. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी घाबरले होते ते लोक येतील म्हणून, आणि कालपासून अशी पेटले होते की लोक येणार हे धरूनच चालले होते. आणि नाही आले तर? कोसारामावशीच्या प्रश्नावरून मी ही सगळी धावपळ उभी केली, आणि तिला तर खुर्च्यांची सवयच आहे, ती दर वर्षी विचारते. बाकीच्यांनी बाबांच्या अंत्ययात्रेला येऊन टोपी काढली, त्यांच्या बाजूने हिशोब पुरा झाला असेल. मी पावाच्या पिठात पवित्र पाणी घातलं, वर कणकेचा क्रॉस बसवला, पक्षी बसवले, द्राक्षांचा घोस बसवला, आणि प्रत्येक पक्ष्याला चोच करताना मनात एकच, या, या, या.

पाव भट्टीत असताना मला आई आठवली. आईला झटका आला त्या वर्षापासून ती उजव्या बाजूने लुळी, अंथरुणातच. तिचे केस हा तिचा एकुलता एक माज होता, दर आठवड्याला खालच्या बायकांच्या सलूनमध्ये जाऊन कुरळे करून घ्यायची. बाबांनी जन्मात बाईच्या केसांना कात्री लावली नव्हती, ते म्हणायचे तो वेगळा धंदा आहे. सत्तरीतले बाबा त्या सलूनमध्ये गेले, तिथल्या पोरीला म्हणाले, "मला शिकव." बायका ड्रायरखाली बसलेल्या आणि मधे हा म्हातारा उभा, हातात गुलाबी रोलर, पोरगी सांगेल तसं गुंडाळतोय. घरी येऊन त्यांनी आईचं डोकं प्लास्टिकच्या तसराळ्यात धुतलं, पाणी कोपराने बघून. पहिल्या वेळी आईचे केस असे उभे राहिले की ती आरशात बघून अर्ध्या तोंडाने हसली, आणि झटका आल्यापासून ते तिचं पहिलं हसू. मग शिकले हळूहळू. अगदी शेवटच्या आठवड्यातसुद्धा तिच्या उशीवर केसांच्या लाटा नीट बसलेल्या असायच्या, आणि ते तिच्या उशाशी उभे, मान तिरकी करून बघत, गिऱ्हाइकाला आरसा दाखवताना बघायचे तसे. मी दारातून म्हणायचे, "बाबा, बसा ना जरा." ते म्हणायचे, "दिसत नाही बसून." भट्टीतून गोड जळकट वास आला, मी धावले. पावाची एक बाजू जरा काळपट झाली होती. कोसारामावशी म्हणाली, ती बाजू भिंतीकडे ठेव.

गुरुवारी सकाळी पाव आणि वाइन घेऊन चर्चला गेले. थंडी अशी की श्वास दिसत होता. रांगेत सगळे पुरुष, हातात पाव, आणि दोन-तीन बायका ज्यांचे नवरे मोटार लावायला गेले होते. तरुण फादरने माझा पाव हातात घेतला आणि विचारलं, "यजमान कुठायत?"

"मीच."

"भाऊ वगैरे?"

"आहे, लिंट्सला. लोक माझ्याकडे येणारेत, फादर." हे म्हणताना माझा आवाज चिरकला, कारण येणार का ते मला ठाऊक नव्हतं.

फादरने जरा माझ्याकडे बघितलं, मग मागे लांबलेल्या रांगेकडे बघितलं, आणि म्हणाले, "धरा मग." पाव दोघांनी मिळून धरायचा असतो, गोल फिरवायचा, खालच्या बाजूने कापून त्यावर वाइन ओतायची. इतकी वर्षं मी हे बाजूला उभं राहून पाहिलं होतं. पाव कोमट होता अजून, माझ्या अंगठ्याखाली एका पक्ष्याचं शेपूट तुटलं, फादर भरभर प्रार्थना म्हणत होते आणि पाव माझ्या हातात फिरत होता, आणि मला एकदम इतका आनंद झाला की मला वाटलं मी आता मोठ्याने हसणार. गिळलं कसंबसं. फादर नावं विचारत होते घरातल्यांची, मी मिलादिनचंही सांगितलं.

घरी येऊन मेणबत्ती लावली आणि दार उघडं टाकलं. टेबल मांडलेलं, मावशीच्या खुर्च्या, आमच्या खुर्च्या, बशा, वर्षातून एकदा निघणारे काठाला सोनेरी रेघ असलेले पेले. मी बाबांच्या जागी उभी राहिले, दार आणि टेबल यांच्या मधे, आणि पहिल्यांदाच कळलं की तिथून जिन्यातलं सगळं ऐकू येतं. लिफ्टचा दोर कुरकुरतो, तिसऱ्यावर थांबते, कुणीतरी किल्ली काढतं, त्यांचं दार. परत लिफ्ट, चौथ्यावर. प्रत्येक वेळी माझा जीव वर जायचा आणि चौथ्या मजल्यावर अडकायचा. दुपारची वेळ झाली. सार्मा मंद आचेवर ठेवला. मावशी टेबलाच्या टोकाला बसून होती, काही बोलत नव्हती, आणि मावशी बोलत नाही म्हणजे परिस्थिती काय ते समजावं. माझे पाय भरून आले होते, एवढ्यातच? बाबा हे रोज करायचे. मी ठरवलं, कुणी नाही आलं तरी मी बसणार नाही. संध्याकाळपर्यंत उभी राहीन, मेणबत्ती विझवीन, आणि मग जे काय रडायचं ते रडेन. मावशीच्या भावाकडचा वाळलेला पाव माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

आणि मग लिफ्ट पाचव्यावर थांबली. कॉम्रेड झिवोराद, आता नव्वदीला टेकलेला, नातवाच्या दंडाला धरून, कोटाची बटणं गळ्यापर्यंत. तो उंबऱ्याशी थांबला, त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मी विचार करत होते की आता हा विचारणार, मिलादिन कुठाय. तो म्हणाला, "सण सुखाचा जावो, यजमान." यजमान म्हणाला तो मला. मग हात पुढे केला आणि म्हणाला, "केस कापायचे आहेत," आणि स्वतःच्याच विनोदावर इतका हसला की नातवाने त्याला खुर्चीत बसवलं तेव्हाही हसतच होता. त्याच्यामागे सलूनच्या बाजूचा चांभार, त्याची बायको, मग बाबांच्या दुसऱ्या खुर्चीवर काम करणारा स्रेतेन आणि त्याच्या मुली, मग कोण कोण, मला आठवत नाही, मी पेले भरत होते. लिफ्ट वर खाली, वर खाली. स्वयंपाकघरातून मावशीचा आवाज, "दुब्रा, मोहरी कुठे ठेवलीस," दाराशी बुटांचा ढीग, कोटांचा ढीग माझ्या पलंगावर, खोलीत ओल्या लोकरीचा आणि राकिया दारूचा वास. कुणी विचारलं नाही तसबीर कुठाय. झिवोरादने एकदा चौकोनाकडे बघितलं, छातीवर क्रॉस काढला आणि परत ताटात डोकं घातलं. मला वाटलं माझ्या पोटऱ्यांत नद्या फुटणार आता, आणि फुटू देत. बाबा, अहो, आले हो सगळे. मी हे मनात म्हटलं का मोठ्याने, कुणास ठाऊक. चांभाराची बायको माझ्या दंडावर थोपटून पुढे गेली.

चारच्या सुमाराला फोन वाजला. मिलादिन. मी फोन खांद्याने कानाशी दाबून वाइन ओतत होते.

"कोण कोण आलंय?" त्याने विचारलं.

"सगळे. झिवोराद आलाय. स्रेतेन मुलींना घेऊन. ऐकू येतंय ना?" मी फोन खोलीकडे धरला, सगळे ओरडले, मिलादिन, अरे मिलादिन. मग मी विचारलं, "तुझ्याकडे?"

तिकडून नुसता वारा ऐकू आला. मला वाटलं फोन तुटला.

"मिलादिन?"

"कुणी आलं नाही, ताई."

"म्हणजे? कारखान्यातले लोक? शेजारी? तो तुझा टर्किश दोस्त?"

"कुणीच नाही. पोरं शाळेतून आली, खाऊन वर गेली." मग हळूच, जरा लाजत, "मी कुणाला बोलावलंच नाही. आपल्यात बोलवत नाहीत ना. सकाळपासून दार उघडं ठेवलंय, घर नुसतं गारठलंय. शेजारीण येऊन सांगून गेली, तुमचं दार उघडं राहिलंय म्हणून."

मी बाटली खाली ठेवली. मला ते डोळ्यांपुढे दिसलं, लिंट्सचं ते स्वच्छ घर, वाढवलेलं टेबल, भाजलेलं डुक्कर, मिहाईल भिंतीवर, आणि माझा धाकटा भाऊ उघड्या दारासमोर. ज्या गावात कुणालाच ठाऊक नाही की आज यायचं असतं, तिथे याने कुणाला बोलावलं नाही. बाबांनी शिकवलेलं एवढं एक त्याने तंतोतंत पाळलं. दोन दिवसांपूर्वीचं त्याचं बोलणं माझ्या मनात होतं, होतंच, पण त्याच्यावर हसू आलं नाही आणि रागही आला नाही. 

"उभा आहेस का अजून?" मी विचारलं.

"दुपारपर्यंत होतो. मग बसलो. कुणासाठी उभा राहू?"

खोलीत गलका होता, कुणीतरी गाणं सुरू केलं होतं. मी बाबांच्या जागेवर होते. आणि मग मी ते केलं जे आमच्यात कुणी करत नाही, जे बाबांनी साऱ्या जन्मात केलं नव्हतं. मी म्हटलं, "मिलादिन, मी तुला बोलावतेय."

गाणं थांबलं. चांभाराचा काटा हवेतच. कोसारामावशी दारात येऊन उभी राहिली, हातात झारा.

"असं बोलवत नाहीत, ताई," मिलादिन म्हणाला. 

"ठाऊक आहे मला काय करतात आणि काय नाही ते. उद्या सण असतोच दुसऱ्या दिवसाचा. पहाटे निघ, दुपारी पोचशील. पोरांना आण, बायकोला आण."

"आणि येऊन काय म्हणून उभा राहू तिथे?"

"उभा कशाला राहतोस? बसायला ये," मी म्हटलं. "पाहुणे बसतात."

खोलीतले सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मग तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, दार लावल्याचा आवाज झाला, आणि तो म्हणाला, "येतो, यजमान."

मी फोन ठेवला.  कोसारामावशीने माझ्याकडे बघितलं, खोलीकडे बघितलं, आणि झारा माझ्याकडे रोखून म्हणाली, "बोलावलंस ते बोलावलंस. पण उद्या शुक्रवार, उपासाचा. येणाऱ्याला मांस चालणार नाही. मासे कोण आणणार?"

"मी आणते," मी म्हटलं, आणि झिवोरादचा पेला भरायला वळले.